आर्व्हिड केटोलाचे मळके स्वेटर

आमच्या गावात आर्व्हिड केटोलाला वेडा म्हणणारे पुष्कळ होते, आणि त्यांत सगळ्यात मोठ्या आवाजात म्हणणारी मी. तो अधिकार माझा होता. ज्या स्वेटरांपायी तो वेडा झाला, ते तेरा वर्षं मी माझ्या हातांनी धुतले होते.

अमेरिकेच्या उत्तर टोकाला असलेल्या आमच्या हॅवरमन गावाच्या मुख्य रस्त्यावर, बँकेला लागून, माझं लाँड्रीचं दुकान होतं. कपडे धुणं, इस्त्री, रफू, बटणं, सगळं मी एकटी करायची. १९६४ पासून गावाच्या बर्फावरच्या हॉकी संघाचे स्वेटर माझ्याकडे यायला लागले. संघाचं नाव ट्रॅमर्स. ट्रॅमर म्हणजे खाणीत दगडाच्या गाड्या ढकलणारा गडी. आमच्या सगळ्यांचे आजे तेच करत होते, म्हणून पोरांनी बर्फावरही तेच नाव लावलं. हा काही मोठ्या लीगचा संघ नव्हे. मोठ्या लीगमध्ये जायची स्वप्नं बघणारी पोरं आणि मोठ्या लीगमधून खाली घसरलेले बाप्ये, या दोघांची गाठ आमच्या गावात पडायची. दोघांचाही घाम मात्र सारखाच आंबट असतो, हे मी शपथेवर सांगते.

शनिवारी रात्री मॅच, रविवारी चर्च सुटल्यावर पोत्यात भरलेले स्वेटर माझ्या टेबलावर. चिठ्ठी नाही, सांगणं नाही. माझ्या टेबलाचा कायदाच होता तसा. त्यावर जे ठेवलं ते धुवायचं. एकदा बँकेच्या मॅनेजरने बोलता बोलता आपली टोपी ठेवली आणि विसरून गेला, तर तीही मी धुऊन कडक करून दिली. ती आकसली आणि बिचारा वर्षभर उघड्या डोक्याने हिंडला.

स्वेटर जाड लोकरीचे, डाळिंबी रंगाचे, बाहीवर दोन सायीच्या रंगाचे पट्टे. शहरातले लोक त्यांना जर्सी म्हणतात. आम्ही स्वेटर म्हणायचो, आणि म्हणायचो ते बरोबरच होतं. संघ गरीब. एका गड्याला एकच स्वेटर, तो फाटला की हिल्माकडे, म्हणजे माझ्याकडे. कोपर फाटलं, हिल्मा. मारामारीत गळा उसवला, हिल्मा. पाठीवर आकडे तेवढे असायचे, नाव नसायचं. गडी संघातून काढला की त्याचा आकडा पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या पाठीवर. खांदे बदलायचे, माझं रफू तेच राहायचं.

आता आर्व्हिड. त्याला मी ओळखते तो नाकाला शेंबूड होता तेव्हापासून. आमच्या घरापासून तिसरं घर केटोलांचं. पोरगा उंच, हाडापेराने मजबूत आणि हॉकीत अगदी दगड. पण त्याला ते कोण सांगणार? १९६५ च्या शरदात, एकोणीस वर्षांचा असताना, तो ट्रॅमर्सच्या निवडीला गेला. तीन दिवस त्याला बर्फावर पळवलं. चौथ्या दिवशी प्रशिक्षकाने सांगितलं, "पोरा, स्वेटर काढ आणि खुंटीला लाव." एवढंच. त्याने काढला, घडी केली, खुंटीला लावला आणि घरी येऊन आईला सरपण फोडून दिलं. गावात कोणी त्याला चिडवलं नाही. ज्याला चिडवलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं, त्यातला तो प्रकार.

मग तो जिल्ह्याच्या रस्तेखात्यात लागला. हिवाळ्यात बर्फ ढकलायचा ट्रक, उन्हाळ्यात खड्डे. लग्न केलं नाही. का केलं नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "कोणी विचारलंच नाही." ट्रॅमर्सची गावातली मॅच मात्र बारा वर्षांत एकही चुकवली नाही. गोलच्या मागे, डाव्या हाताच्या खांबाला टेकून उभा. ओरडायचा नाही, शिट्टी वाजवायचा नाही. बघायचा.

१९७७ साली संघ बुडाला. खाणी आधीच बंद पडत होत्या, तिकिटं कोण काढणार? मालकाने सामान मिळेल त्याला देऊन टाकलं. स्वेटर कुठे कुठे गेले त्याचा पत्ता नाही. काही लाकूडतोड्यांच्या अंगावर गेले, काही शाळेच्या नाटकात. एक तर पिक्कारायनेनच्या शेतात बुजगावण्याला घातलेला मी स्वतः पाहिला. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, रडूही आलं. पण मी रडून घरी गेले आणि आर्व्हिड शेतात गेला, हा त्याच्यातला आणि माझ्यातला फरक.

तो बुजगावण्याचा स्वेटर घेऊन तो दुकानात आला. चार नंबर.

"हिल्मा, हा कोणाचा?"

"बुजगावण्याचा."

"थट्टा नको. इथे कोपराला लाल दोऱ्याने रफू आहे. तूच केलंयस ना?"

मी चष्मा लावला. "माझंच. अडुसष्टच्या फेब्रुवारीत गडद दोरा संपला होता. डुलुथ शहरातून यायला तीन आठवडे लागले. तोवर होता तो लाल वापरला. मला काय ठाऊक तू पुढे पंचनामा करणार आहेस!"

त्याने खिशातून वही काढली आणि ते लिहून घेतलं, अगदी पाद्र्याचं प्रवचन लिहून घ्यावं तसं. १९६८ हे साल म्हणजे आमच्या गावाचं दिवाळं निघण्याआधीचं शेवटचं सोनं. त्या मार्चमध्ये ट्रॅमर्सनी लीगचा चषक जिंकला होता. म्हणजे लाल दोरा असलेला स्वेटर चषकाच्या संघाचा! दुकानात वीस वर्षं दोरा ओढला, पण माझ्या एका आळसाला इतकी किंमत येईल असं मला वाटलं नव्हतं.

तिथून पुढे त्याचं वेड सुरू झालं. हिवाळ्यात ट्रक, उन्हाळ्याच्या सुट्टीत शोध. जुन्या खेळाडूंच्या घरी, त्यांच्या बायकांच्या माळ्यांवर, गॅरेजांत, पार कॅनडात. स्वेटर मिळाला की आधी माझ्याकडे. मग दोघं टेबलावर तो पसरायचो. उजव्या बाहीवर काठीला गुंडाळलेल्या चिकटपट्टीचे काळे फराटे दिसले की तो म्हणायचा, "डावखुऱ्याने मारलंय याला." खांद्यावर पिवळा रंग घासलेला दिसला की म्हणायचा, "हा आपल्याच मैदानावरचा. बाकी कुठल्या गावाच्या कुंपणाच्या फळ्या पिवळ्या नव्हत्या." घामाचे पिवळे डाग, रक्ताचे तपकिरी ठिपके, सगळं तो वाचायचा. मला तर ते डाग दिसले की हात शिवशिवायचे.

"धुऊन देते रे. वास येतोय."

"धुतलं तर मॅच निघून जाईल."

"आणि ठेवलं तर उंदीर येतील."

पण त्याने एकही धुवू दिला नाही. जमवणाऱ्यांचा तो पहिला नियम आहे म्हणे. धुवायचं नाही, नवं रफू करायचं नाही, आणि अंगात तर मुळीच घालायचं नाही. टोरांटोहून, कुठून कुठून त्याला पत्रं यायची, लोक मागायचे. हा कोणाला एक बाहीसुद्धा देत नसे. आईच्या खोलीत, आई गेल्यावर, त्याने दांड्या ठोकल्या आणि त्यांवर स्वेटर टांगले. खिडकीला जाड पडदा, उन्हाने रंग उडू नये म्हणून. मी एकदा म्हटलं, "अरे, ही खोली आहे की शवागार?" तो हसला नाही. त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले.

तीस वर्षांत चषकाच्या संघाचे सोळापैकी पंधरा स्वेटर जमले. राहिला एक. अकरा नंबर. ल्युसिएं गारोचा.

ल्युसिएं म्हणजे आमच्या गावात चार वर्षं उतरलेला फ्रेंच उत्पात. बुटका, सुंदर, तोंडाचा फटकळ. अंतिम मॅचमध्ये कोणाची तरी काठी लागून त्याचा ओठ फाटला. रक्त छातीवर ओघळत असताना त्याने टाके घालायला नकार दिला आणि शेवटच्या मिनिटाला खेळातली रबरी चकती गोलमध्ये घातली. तिकिटाच्या खिडकीपाशी त्याचा त्या क्षणाचा फोटो अजून आहे. छातीवर, डाव्या बाजूला, रक्ताचा डाग, बटाट्याएवढा.

तो स्वेटर त्याच्याकडेच होता, आणि तो द्यायला तयार नव्हता. कॅनडात, सडबरीच्या पलीकडे, आमच्यापासून नऊ तासांवर, तो बायकोबरोबर राहायचा. आर्व्हिड दर मे महिन्यात जायचा. अशी अकरा वर्षं. एका वर्षी मीही सोबत गेले, माझ्या वेलदोड्याच्या पावाचे दोन लांबोडे घेऊन. ल्युसिएंने दार उघडलं.

"पुन्हा आलास?"

"आलो, मिस्टर गारो."

"स्वेटर देणार नाही."

"माहीत आहे. पाव आणलाय."

"मग आत ये. आणि ही कोण? अरे देवा, मादाम हिल्मा! तुम्ही अजून जिवंत?"

"तुझ्या मोज्यांच्या वासाने मेले नाही, मग आता कशाने मरते?"

ते दोघं दुपारभर पत्ते खेळले. स्वेटर गॅरेजात, एका लाकडी पेटीत, तेलाच्या डब्यांखाली होता. ल्युसिएंने तो आर्व्हिडला पाच मिनिटं बघू दिला. आर्व्हिडने हात पँटीला पुसले आणि नुसता बघितला.

"हा माझा चोरीचा माल आहे, मादाम," ल्युसिएं मला म्हणाला. "मला संघातून काढलं त्या दिवशी कोटाखाली घालून निघालो. सगळ्या आयुष्यात एवढी एकच चोरी केली. तीसुद्धा याला देऊन टाकू?"

परतीच्या वाटेवर आर्व्हिडने चार तास गाडी हाकली. मग म्हणाला, "त्याचं खरं आहे." मला त्याचा इतका राग आला! माणसाने हवं ते मागताना जरा तरी हावरट असावं.

२००८ साली चषकाला चाळीस वर्षं झाली. गावाने ठरवलं, मार्चमध्ये जुन्या खेळाडूंना बोलवायचं, दहा मिनिटांची गमतीची मॅच ठेवायची आणि मैदानाच्या इमारतीत शिरल्यावरची मोठी भिंत आर्व्हिडच्या स्वेटरांना द्यायची. सोळा खुंट्या ठोकल्या. आर्व्हिड रोज जाऊन त्या सोळाव्या खुंटीकडे बघून यायचा. त्या दोन महिन्यांत त्याचं वजन उतरलं. त्या वर्षी तो निवृत्त झाला होता. ट्रक गेला होता. आता त्याच्याजवळ ही एकच गोष्ट पुरी करायची राहिली होती, आणि ती दुसऱ्याच्या पेटीत होती.

मग ल्युसिएंचा फोन आला. त्याची बायको घोगऱ्या आवाजाची, आनंदी बाई होती. ती आदल्या हिवाळ्यात गेली होती. तो म्हणाला, "येतो. स्वेटरही आणतो. पण ठेवून जाईन की परत नेईन, ते तिथे आल्यावर ठरवीन."

शुक्रवारी दुपारी तो आला. आर्व्हिड भिंतीपाशी होता, म्हणून ल्युसिएं आधी माझ्याकडे आला. कमरेत प्लास्टिकचा सांधा बसवलेला, हातात काठी, तोंड मात्र तेच. कॉफी झाली, पाव झाला. कागदी पिशवी त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली, म्हणाला, "नऊ तास गाडी चालवली, मादाम, आता जरा पडतो," आणि आर्व्हिडच्या घरी झोपायला गेला.

पिशवी माझ्या टेबलावर राहिली.

मी विसरले असं म्हणणार नाही. तीस वर्षं आर्व्हिडने माझ्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. मला सगळं माहीत होतं. पण पिशवी उघडली तर आतून गॅरेजचा, तेलाचा, उंदराचा असा वास आला की डोळ्यांत पाणी. मनात आलं, उद्या हा माणूस अख्ख्या गावासमोर हे अंगात घालून उभा राहणार? आणि लोक म्हणणार, हिल्माच्या घरून आला! तेरा वर्षांत माझ्याकडून एक स्वेटर मळका बाहेर गेला नव्हता. माझ्या टेबलावर ठेवला, म्हणजे धुवायचा. हात कधी कामाला लागले, मला कळलंसुद्धा नाही.

आणि काय धुतला म्हणून सांगू! रक्ताला थंड पाणी आणि मीठ. काठीच्या पट्टीचं काळं चिकट असतं, त्यावर लोणी चोळून ठेवायचं, मग साबण. पिळायचा नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचा. पाच वेळा पाणी बदललं. पहिलं पाणी कॉफीसारखं काळं, पाचवं आरशासारखं. शेगडीजवळ सपाट पसरून वाळवला. कोपराचं रफू माझ्याच जुन्या लाल दोऱ्याचं होतं, ते उसवून गडद दोऱ्याने नव्याने भरलं. चाळीस वर्षं तो लाल दोरा माझ्या डोळ्यांत खुपत होता. शनिवारी सकाळी स्वेटर तयार झाला तेव्हा मी स्वतःवर खूष होते. त्र्याहत्तराव्या वर्षी इतकं नितळ काम!

साडेनऊला आर्व्हिड आला. टोपी डोक्यावरच. टेबलावर घडी घातलेला स्वेटर दिसला.

तो खुर्चीत बसला. घडी उघडली. डाव्या छातीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग बाही उलटी केली, कोपर बघितलं. तेव्हा मला कळलं मी काय केलंय ते.  

"आर्व्हिड," मी म्हटलं.

"छान धुतलास," तो म्हणाला.

"अरे, शिव्या तरी दे."

"छान धुतलास, हिल्मा. एक डाग राहिला नाही."

तो उठून बाहेर गेला आणि माझ्या अंगणातलं बर्फ काढायला लागला. ते त्याने पहाटेच काढलं होतं. उघड्या फरशीवर फावडं खरडत होता. तो आवाज मला ऐकवेना. मी ओट्याला धरून रडले, मोठ्याने, लाज न बाळगता.

तेवढ्यात मागच्या दाराने ल्युसिएं आला. मी काही बोलायच्या आत त्याने स्वेटर उचलला आणि तोंडावर धरला. बराच वेळ तसाच. मला वाटलं, आता हाही गेला.

"हाच!" तो म्हणाला. "मादाम, हाच वास! शनिवारी संध्याकाळी खुंटीवरून काढून डोक्यातून घालायचो ना, तेव्हा पहिल्यांदा हा साबणाचा वास यायचा. मग सगळी भीती जायची. घाम, रक्त सगळं नंतरचं. ते गॅरेजात उघडून बघायचो तेव्हा मला वाटायचं, काहीतरी राहिलंय यात. हेच राहिलं होतं!"

"तुझं राहिलं होतं," मी म्हटलं. "त्याचं गेलं ना." आणि खिडकीकडे बोट केलं.

सगळं सांगितल्यावर ल्युसिएं काठी टेकत अंगणात गेला. मी दारात उभी राहिले.

"ए केटोला! फरशीला भोक पाडतोस काय?"

आर्व्हिड थांबला.

"इतके पंधरा स्वेटर आहेत तुझ्याकडे. त्यातला एक तरी कधी अंगात घातलास?"

"छे! घालायचे नसतात."

"का?"

"ज्याचा त्याचा माणूस आहे त्यांत."

ल्युसिएं हसला. "माझ्यातला माणूस या बाईने काल मोरीतून सोडून दिला. पाच वेळा पाणी बदलून! आता हा रिकामा आहे. आज संध्याकाळी तू घाल."

"मी खेळाडू नाही, मिस्टर गारो."

"मीही नाही आता. माझी कंबर कारखान्यात बनलीय. अकरा नंबरशिवाय आमची फळी अपुरी पडते. घालणार की नाही?"

"नाही," आर्व्हिड म्हणाला, आणि फावडं उचलून घरी गेला.

संध्याकाळी मैदान गच्च भरलं होतं. इतकी माणसं मी खाणी बंद पडल्यावर एका जागी पाहिली नव्हती. भिंतीवर पंधरा स्वेटर, सोळावी खुंटी रिकामी. जुने गडी एकेक करून बर्फावर आले. पोटं सुटलेली, गुडघ्यांना पट्टे, आणि तरी प्रत्येकाचं नाव पुकारलं की लोक उभे राहत होते. शेवटी पुकारलं, "अकरा नंबर, ल्युसिएं गारो!" ल्युसिएं दारापाशी आला, साधे बूट घालूनच, हात हलवला. टाळ्या थांबेनात. मग त्याने मागे वळून कोणाला तरी दंडाला धरून पुढे ओढलं.

आर्व्हिड होता. पायांत स्केट्स, बर्फावर घसरायचे पात्यांचे बूट. आधी ट्रकच्या पेटीत आणि ट्रक गेल्यावर घरी ठेवलेले, दर ऑक्टोबरला धार लावलेले, त्रेचाळीस वर्षं. हे मला शेजारीण असून ठाऊक नव्हतं. ल्युसिएंने खेळाडूंच्या खोलीत त्याला काय सांगितलं ते दोघांनीही मला आजवर सांगितलेलं नाही. आता दारात, सगळ्यांच्या देखत, ल्युसिएंने स्वेटर त्याच्या डोक्यावरून घातला, लहान पोराला घालतात तसा, आणि पाठीत एक धक्का दिला.

चार मिनिटं खेळला. काय खेळला ते विचारू नका. पहिल्याच वळणावर आपटला. वरून कोणीतरी ओरडलं, "केटोला, ट्रक आणायचा होतास!" सगळं मैदान हसलं. तोही हसला, बर्फावर बसून. समोरच्या बाजूने खेळणारा म्हातारा पिक्कारायनेन, ज्याच्या शेतात बुजगावणं होतं, त्याने याला कुंपणाच्या फळ्यांवर असा दाबला की फळ्या वाजल्या. "बाजूला हो रे, आर्व्हिड! नाहीतर तुलाही शेतात उभा करीन!" एकदा चकती त्याच्याकडे आली. गोल समोर होता, मोकळा. त्याने काठी उगारली, मारली, आणि चकती जागेवरच राहिली. कोणाच्या तरी काठीचा फटका त्याच्या बाहीवर बसला. शिट्टी वाजली. तो बाकावर परत आला तेव्हा तोंड लाल, केस ओले, आणि बासष्ट वर्षांच्या त्या माणसाचा चेहरा मी त्याआधी कधी बघितला नव्हता असा. मी ओरडत होते. घसा दोन दिवस बसला.

मॅच संपल्यावर लोकांनी ल्युसिएंला विचारलं, स्वेटर परत नेणार का? तो म्हणाला, "दुसऱ्याच्या अंगातला कपडा काढून घ्यायला मी काय चोर आहे?" आणि रविवारी पहाटे गाडी काढून निघून गेला.

त्याच रविवारी चर्च सुटल्यावर आर्व्हिड माझ्याकडे कॉफीला आला. भिंतीवर लावायच्या आधी मला दाखवायला स्वेटर आणला होता. टेबलावर ठेवला नाही, मांडीवर घेऊन बसला. मी चष्मा लावून बघितलं. खांद्यावर पिवळा रंग घासलेला. उजव्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत काळा, चिकट, हातभर फराटा. काखेत घामाचं वर्तुळ. एका दिवसात माझी सगळी मेहनत मातीत!

पण मी केलेलं नुकसान मला भरून द्यायचं होतं. म्हटलं, निदान याच्या भिंतीवर एक तरी स्वच्छ जाऊ दे. पावाशेजारी लोणी होतंच. मी बोटावर घेतलं आणि बाहीकडे हात नेला.

त्याने स्वेटर दोन्ही हातांनी छातीशी ओढला. साऱ्या आयुष्यात त्याने माझ्यावर आवाज चढवला तो तेवढा एकदा.

"हात लावू नकोस, हिल्मा! हा डाग माझा आहे."